वर मागून घेतलेली पूड

परभणीच्या एका डॉक्टरने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. औषध खरं दिलं आणि त्याच हाताने, त्याच वेळी, ते औषध वाया घालवणारी पूडही दिली. बहिणीची कंबर कायमची गेली. डॉक्टरचा दवाखाना मात्र जोरात चालला. हे मी रागाने लिहितो आहे असं कोणाला वाटलं, तर त्याला बरोबर वाटलं.

मी फार शिकलेला नाही. निजामाच्या शाळेत उर्दूतून चार इयत्ता झाल्या, मराठी वाचायला पुढे दुकानांच्या पाट्या बघून शिकलो, इंग्रजी तर कधी आलीच नाही. पोट भरलं ते गुरांच्या बाजाराने. आमच्याकडे गुरांचे सौदे जुळवणाऱ्याला हेडी म्हणतात. ताडकळसचा बाजार, जिंतूरचा बाजार, मिळेल तिथे मी उभा असायचो. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, भाव तोंडाने बोलायचा नाही, आणि सौदा ठरला तरी गप्प बसायचं नाही. बैल घेतला की दावं मागायचं, दावं मिळालं की कासरा मागायचा, कासरा मिळाला की गळ्यातली घंटा. वर काही मिळाल्याशिवाय मी बाजारातून घरी आलो नाही. मला त्याची लाज नव्हती. बाप काही ठेवून गेला नव्हता, जे केलं ते या जिभेवर आणि या बोटांवर केलं.

लबाडी मला लांबून दिसायची. दोन वेळची धार न काढता म्हशीची कास फुगवून आणणारे, मीठ चारून पाणी पाजून बैलाचं पोट गोल करणारे, वय लपवायला कानशीने दात घासणारे, सगळे मी पकडले. मारक्या बैलाला अफू चारून गरीब करून आणायचे. तो बैल सकाळी अगदी लेकरासारखा उभा राहायचा. मी नुसता सौदा लांबवायचो. इकडचं तिकडचं बोलायचो, तंबाखू मळायचो, शेजारचा बैल बघून यायचो. दुपार कलली की अफूचा अंमल उतरायचा आणि बैल धन्यालाच शिंगावर घ्यायला बघायचा. पोटात गेलेली वस्तू रक्तात चढते, काही वेळ राहते आणि निघून जाते, एवढं मला बाजाराने शिकवलं होतं. ती कधीकधी रक्तात चढतच नाही, हे कोणी शिकवलं नाही.

आई मी रांगत असताना गेली. आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, मला कडेवर वाढवलं. तिला झरीला दिलेलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तिने दिराकडे हात पसरला नाही की माझ्याकडे आली नाही. चार म्हशी पाळल्या आणि त्यांच्या दुधावर ताठ मानेने राहिली. ताठ मान हे मी उगीच लिहीत नाही. डोक्यावर दोन घागरी आणि काखेत वैरणीचा भारा घेऊन ती अशी चालायची की वाटेतले लोक बाजूला व्हायचे.

पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. तिची एक म्हैस दिवस भरायच्या आत गाभडली. मेलेलं रेडकू आणि वार आक्काने नुसत्या हाताने ओढून काढली. दुसरं कोण काढणार होतं? त्यानंतर महिन्याभरात तिला ताप धरला. तोही धड ताप नव्हता. संध्याकाळी चढायचा, पहाटे लुगडं ओलं होईपर्यंत घाम यायचा, चार दिवस बरं वाटायचं आणि परत चढायचा. हिवताप समजून तिने कडू गोळ्या खाल्ल्या, कानात नुसता आवाज घुमायला लागला, ताप गेला नाही. मग कंबर दुखायला लागली. म्हशीखाली बसताना तिला खुंट्याला धरावं लागतं असं मला झरीच्या एका माणसाने बाजारात सांगितलं, तेव्हा मी बैलगाडी घेऊन गेलो आणि तिला परभणीला माझ्या घरी आणलं.

डॉक्टर बाहेरून आलेला होता. विलीनीकरणानंतर असे बरेच आले. पांढरी पँट, स्वच्छ हात, भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी. माणूस हुशार होता, हे मी नाकारत नाही. त्याने आक्काला पहिलाच प्रश्न विचारला, "घरी गुरं आहेत का? एखादी गाभडली होती का?" मी चकित झालो. त्याने रक्त काढून बाहेरगावी तपासायला पाठवलं आणि आठ दिवसांनी सांगितलं की हा गुरांकडून माणसाला येणारा ताप आहे. रोग बरोबर ओळखला. औषधही बरोबर काढलं, नव्याने आलेल्या पिवळ्या कॅप्सूल. दिवसातून चार वेळा, तीन आठवडे, एकही चुकवायची नाही.

इथवर त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पुढे काय झालं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात मीही आहे.

औषध महाग होतं. मी घासाघीस सुरू केली. डॉक्टर म्हणाला, "अहो, हा काय बैलबाजार आहे?"

"बाजारच की, डॉक्टरसाहेब. तुमी विकायलाव, आमी घ्यायलाव."

आक्काने मागून माझा सदरा ओढला. "गप की रं! डॉक्टरासंगं बी भांडायलास?"

भाव काही उतरला नाही. मग मी सवयीप्रमाणे दुसरीकडून धरलं. आमच्याकडे इंग्रजी औषध गरम समजतात. गोळी घेतली की वर दूध प्यायचं, तूप खायचं, काहीतरी थंडावा करायचा, नाहीतर अंगातून उष्णता निघते. मी म्हणालो, "औषध एवढं कडक, मग वर थंडाव्याला काय देता? रिकाम्या हाताने मी जाणार नाही."

डॉक्टर हसला. बाहेर रोग्यांची रांग होती आणि मी उठत नव्हतो. त्याने कंपाउंडरला हाक मारली. कंपाउंडरने मोठ्या बरणीतून पांढरी पूड काढून कागदात बांधली. खडूची आणि मॅग्नेशियाची पूड, पोटात जळजळ झाली की देतात ती. डॉक्टर स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "ही घ्या वर. प्रत्येक गोळीबरोबर एक चमचा द्या, पोटात आग पडणार नाही. झालं समाधान?"

झालं होतं. मी ती पुडी खिशात घातली ती घंटेसकट बैल आणल्यासारखी.

तीन आठवडे मी बाजार सोडला. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण ताडकळसचे तीन बाजार मी केले नाहीत. घड्याळ शेजाऱ्याचं मागून आणलं. चारही वेळा कॅप्सूल मी माझ्या हाताने तिच्या तळहातावर ठेवली, वर चमचाभर पूड दिली आणि वर पेलाभर दूध. ती कुरकुरायची.

"आरं, किती दूध पाजायलास? मी का वासरू हाय?"

"गरम औषध हाय. पी."

"म्हशी तिकडं कोण बगायलंय?"

"म्हशी मरू दे."

"तू मर," ती म्हणायची आणि हसायची. दूध पिऊन पेला माझ्या अंगावर पालथा झटकायची.

पोटात आग पडली नाही, मळमळ झाली नाही. किती छान औषध आहे असं आम्ही म्हणत होतो. ताप मात्र संध्याकाळी चढायचा तो चढतच होता.

तीन आठवड्यांनी मी दवाखान्यात जाऊन टेबलावर हात आपटला. तुमच्या कॅप्सूलमध्ये खडू भरलेला आहे, असं म्हणालो. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "औषध अस्सल आहे. काही शरीरं दाद देत नाहीत. आणखी एकदा देऊन बघू." सुट्या कॅप्सूल मी घेणार नाही म्हटलं. बंद डबा मागितला, बाजारात दात बघतो तसं झाकणाचं सील बघितलं, माझ्यासमोर फोडायला लावलं. आत बारीक इंग्रजी अक्षरांचा घडी केलेला कागद होता. डॉक्टर तो टोपलीत टाकणार होता. मी त्याच्या हातातून काढून घेतला. डबा अस्सल होता याचा पुरावा म्हणून मला तो पाहिजे होता. घरी नेऊन माझ्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांच्या खाली ठेवला.

आणि जाताना मी पूडही जास्तीची मागून घेतली. त्याने दिली. एक शब्द न बोलता दिली.

दुसरे तीन आठवडे पहिल्यासारखेच गेले. त्यानंतर आक्काला उठवून बसवावं लागायला लागलं. ताप पुढे वर्षभराने आपणच मंदावला, पण तोवर तो कंबरेच्या मणक्यात जाऊन बसला होता. हाडं आतून पोखरली आणि वाकडी जुळली. आक्का उठली ती कोनात वाकूनच. म्हशीखाली बसता येईना, घागर उचलता येईना, समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर मान तिरपी करावी लागायची. चारही म्हशी मीच ताडकळसच्या बाजारात नेल्या. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा जे बोट दाबलं त्यालाच मी हो म्हटलं. त्याने दावी मागितली, दिली. घंटा मागितली, तीही काढून दिली. बाकीचे हेडी माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर चार वर्षं मी प्रत्येक बाजारात सांगत फिरलो की तो डॉक्टर खोट्या कॅप्सूल विकतो. जोरात सांगायचो. माझा आवाज मोठा आहे आणि लोक माझं ऐकतात.

मग जिंतूरच्या बाजारात एक म्हातारा भेटला. एक गाय विकायला आणली होती, गोठ्यातलं शेवटचं जनावर. मी विचारलं, "बाबा, कामून विकायलाव?"

"दोन गाई गाभडल्या भाऊ, मला बी ताप आलता. लय दिस पडून व्हतो. परभणीच्या डाक्टरनं पिवळ्या गोळ्या दिल्या, उठलो."

कोणता डॉक्टर ते विचारलं. तोच. तेच औषध, तेवढेच दिवस. म्हातारा ताठ उभा होता. माझ्या अंगाची आग झाली. मी गाय सोडून त्या म्हाताऱ्याचीच तपासणी सुरू केली. गोळ्या कधी घेतल्या? जेवणाआधी. सील फोडलेल्या का बंद? सुट्या, पुडीत.

"वर काय घेतलं?"

"वर काय असतंय? पाणी."

"दूध?"

"कुठलं दूध भाऊ? दोनी गाई आटल्या व्हत्या."

"आन् पांढरी पूड? डॉक्टरनं पूड न्हाई दिली?"

"न्हाई बा. मी मागितली न्हाई, त्यानं दिली न्हाई."

मी त्या दिवशी सौदा न करता परत आलो. एसटीत बसून एकच हिशोब मनात चालू होता. दोन बैलांना सारखं चारलं आणि एक सुकला, तर हेडी बघतो की त्या एकाला वेगळं काय घातलं. इथे वेगळ्या दोनच गोष्टी होत्या, दूध आणि पूड. दोन्ही माझ्या हातून गेल्या होत्या.

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर नुकताच आला होता. त्याच्यासमोर पेटीतला कागद ठेवला आणि वाचून दाखवा म्हणालो. त्याने खालपर्यंत बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबला. मला विचारलं, "बाईंना याच्याबरोबर पोटाची पूड दिली होती का?"

"दिली होती."

त्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग त्याने ती ओळ मराठीत सांगितली. या औषधाबरोबर तसली पूड देऊ नये, औषध रक्तात नीट चढत नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. चार-पाच वर्षं ती ओळ माझ्या लोखंडी पेटीत, माझ्याच कुलपात होती.

मी म्हणालो, मला जनावराला समजावल्यासारखं समजावा, पण सगळं सांगा. त्याने केसपेपरच्या पाठीवर पोट आणि आतडं काढलं. निजामाच्या वेळचे करोडगिरीचे नाके मला आठवतात का, म्हणून विचारलं. आठवतात म्हणजे, किती गुरं मी त्या जकात नाक्यांवरून नेली होती! तो म्हणाला, गोळी तोंडातून आत गेली म्हणजे शरीरात पोचली असं नसतं. आतड्याची भिंत हा पहिला नाका. तिथून आत गेली तर रक्तात मिसळते, मग रक्त तिला हाडापर्यंत, मणक्यापर्यंत नेतं. यकृत हा दुसरा नाका, तिथे पुष्कळ औषधं मोडून बदलली जातात. मूत्रपिंडं उरलंसुरलं बाहेर काढतात, म्हणून तर दिवसातून चार वेळा घ्यायची, एक जाते तोवर दुसरी यावी. "तुमच्या बहिणीची गोळी पहिल्याच नाक्यावर अडली," तो म्हणाला. "पुडीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, तिला घट्ट धरून बसला. दोघांचा मिळून असा गोळा झाला की भिंत त्याला आत घेईना. तो तसाच खाली वाहून गेला."

"आन् दूध?"

"दुधातही तोच चुना असतो. दुधानेही तसंच होत असावं, असं आता म्हणायला लागलेत."

"म्हंजे औषध पोटात होतं आन् अंगात नव्हतं."

"बरोबर."

"म्हणूनच तिला मळमळलं न्हाई."

त्याने मान हलवली. पुढे बराच वेळ सांगत होता. एक औषध दुसऱ्याला यकृतात अडवून ठेवतं आणि साधा डोस विषासारखा चढतो. वैद्याचं भस्म आणि डॉक्टरची गोळी एकाच पोटात भेटतात आणि दोघांनाही एकमेकांची कल्पना नसते. रोगी एकाला दुसऱ्याचं सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. मी ऐकत होतो. माझ्या डोळ्यांसमोर आक्काचा तळहात होता, त्यावर पिवळी कॅप्सूल.

तिथून तडक मी त्या डॉक्टरकडे गेलो. रांग मोडून आत शिरलो. कागद टेबलावर ठेवला, ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. चेहरा थोडा उतरला, हे मी बघितलं. बाजारात मी माणसाचा चेहराच बघत आलो आहे.

मग तो सावरला. "मळमळ झाली की रोगी औषध टाकून देतात, म्हणून पूड सगळेच देत होते. आणि तुम्ही तर हटून मागितलीत."

"मागितली. मग?"

"मग मला काय विचारता? चार वर्षं तुम्ही मला बाजाराबाजारात खोटारडा ठरवलंत. माझं औषध खोटं होतं का?"

"न्हाई. ते मी मागं घेतो. जितक्या बाजारांत बोललो तितक्या बाजारांत जाऊन मागं घेतो. औषध खरं व्हतं. तुमी डबा फोडला, कागद तुमच्या हातात व्हता. तुमाला इंग्रजी येतंय, मला येत न्हाई. वाचला कामून न्हाई?"

"रोग्याच्या भावाने औषध ठरवायचं असेल, तर मी इथे कशाला बसलोय?"

"तेच विचारायलोय मी!"

बाहेरचे रोगी दारात जमले होते. कंपाउंडरने माझा दंड धरला. मी तो झटकला, कागद उचलला आणि निघून आलो. डॉक्टरने पाठीमागून काही सांगितलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मी बोललो तसं केलं. ताडकळसला, जिंतूरला, झरीला जाऊन सांगितलं की कॅप्सूल अस्सल होत्या, मी चुकीचं बोललो होतो. पण पुडीचंही सांगितलं.

आक्काला सांगायला मात्र मला महिना लागला. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. वाकलेली असल्यामुळे तिचं तोंड सुपाच्या अगदी जवळ होतं. मी सगळं सांगितलं, नाक्याचंही. तिने मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे तू वर मागितली न्हसतीस तर मी नीट झाले असते?"

मी हो म्हणालो.

"आन् त्यानं दिली न्हसती तर?"

"तरी."

तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मग तू रडत बस आन् त्याला बी बसव. तू एकटाच कामून बसायलास?"

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, वाकूनच. आता नाही. मी माझा वाटा घेतला आहे. बाजारात आजही सौदा करतो, पण वर काही मागत नाही. बाकीचे हेडी हसतात, हसू देत.

पण डॉक्टर, तुमचा वाटा अजून तुमच्याकडेच पडून आहे. मी अडाणी हेडी, मी मागणारच. मागणं हा माझा धंदा होता आणि नाही म्हणणं हा तुमचा. रांग लांब होती म्हणून, माझं तोंड बंद व्हावं म्हणून तुम्ही कंपाउंडरला बरणीत हात घालायला लावलात. मी त्या दिवशी थंडाव्याला विष मागितलं असतं तर तेही पुडीत बांधून दिलं असतंत का? दिलं नसतंत. मग जी वस्तू तुमचंच औषध मारते, ती का दिलीत? दुसऱ्या खेपेला, औषध लागू पडत नाही हे दिसत असताना, "बाई याच्याबरोबर आणखी काय घेतात?" एवढं एक वाक्य का विचारलं नाहीत?

कागद अजून माझ्या पेटीत आहे. घडीवर फाटला आहे, पण ती ओळ शाबूत आहे. तुम्ही असाल तर तुम्ही, नसाल तर तुमच्या खुर्चीवर आज जो बसला असेल त्याने, माझ्यासमोर ती मोठ्याने वाचावी आणि माझ्या बहिणीची कंबर कोणी मोडली ते सांगावं. माझं नाव मी आधीच घेतलं आहे. दुसरं नाव मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.